ग्लुकागॉनची पूड आणि एक मिलिलिटर पाणी

इन्सुलिन घेणारी व्यक्ती साखर फार उतरून बेशुद्ध पडली, तर तिच्या तोंडात साखरपाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी ग्लुकागॉनचे इंजेक्शन कामाला येते.

इन्सुलिनपाठोपाठ, १९२३ मध्ये, किंबॉल आणि मर्लिन यांनी स्वादुपिंडाच्या अर्कात साखर वाढवणाराही पदार्थ असल्याचे ओळखून त्याला हे नाव दिले. शुद्ध स्फटिक मिळायला १९५३ उजाडले. हे २९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड पाण्यात मात्र टिकत नाही. रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. म्हणून द्रावण गोठवून, निर्वातात बर्फाची थेट वाफ करून, कोरडी पूड कुपीत भरली गेली.

हिशोब सोपा ठेवलेला आहे. पूड १ मिलिग्रॅम, सोबतचे द्रावक १ मिलिलिटर. लहान मुलाला अर्धा मिलिग्रॅम द्यायचा, म्हणजे अर्धा मिलिलिटर. पण चुकून २ मिलिलिटर पाणी घातले तर? औषध तेवढेच राहते, मात्र अर्ध्या मिलिलिटरमध्ये पाव मिलिग्रॅमच येते, आणि मूल शुद्धीवर यायला तो अपुरा पडू शकतो. कुपी अलगद फिरवा, द्रावण स्वच्छ दिसले तरच भरा.

घाबरलेल्या आईने थरथरत्या हातांनी हे सारे करायचे, ही खरी अडचण! नाकात मारायची पूड आणि तयार द्रव इंजेक्शन यांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट २०१९ मध्ये.

इंजेक्शननंतर उलटी होऊ शकते, म्हणून रुग्णाला कुशीवर वळवा. शुद्ध आली की खायला द्या.