सीडी किती दिवसांची शिळी चालेल?

परवा ऑफिसात डबा खाताना टीममधल्या एका नव्या पोराने विचारलं, "आर्च दर महिन्याला नवी आयएसओ काढतं. मग डेबियनला दोन-दोन वर्षं का लागतात? आळशी आहेत का?" डबा संपला तरी उत्तर संपेना, म्हणून उरलेलं इथे.

आज आयएसओ म्हणजे एक फाइल. चुकली तर बदलली. पण सीडी छापून विकली जायची तेव्हा चूक थेट लोकांच्या घरात जायची. डेबियनच्या इतिहासात १.० ही आवृत्तीच नाही, हे माहीत होतं का? डिसेंबर १९९५ मध्ये इन्फोमॅजिक या सीडी विकणाऱ्या कंपनीने चुकून अजून तयार होत असलेली डेबियन '१.०' असा शिक्का मारून छापली. ही आमची १.० नव्हे, असं जाहीर करावं लागलं. जून १९९६ मध्ये खरी आवृत्ती आली ती १.१ म्हणून. छापलेली सीडी परत येत नाही, आकडा मात्र सोडून देता येतो!

दुधाने तोंड पोळलं म्हणून पुढे ताकही फुंकून प्यायले, असं मी म्हणणार नाही. पण फुंकलं मात्र भरपूर. वुडी आली १९ जुलै २००२ ला, आणि तिच्यानंतरची सार्ज थेट ६ जून २००५ ला. जवळजवळ तीन वर्षं! इन्स्टॉलर नव्याने लिहायचा होता, सिक्युरिटी अपडेटची यंत्रणा उभी राहत नव्हती, आणि अकरा आर्किटेक्चर एकाच वेळी सांभाळायची होती. तोवर वुडीच्या सीडीवर डीफॉल्ट कर्नल २.२, फार तर २.४. नवा साटा डिस्कवाला पीसी घेऊन बसलात तर इन्स्टॉलरला हार्डडिस्कच दिसायची नाही. आत सगळं दगडासारखं स्टेबल, पण आत जायला दारच नाही.

आणि एवढं थांबून सार्ज आली तर काय? सीडीवरच्या एका चुकीच्या फाइलमुळे नव्या मशीनवर सिक्युरिटी अपडेटची ओळच बंद राहायची. लगेच ३.१ आर०ए नावाने दुसऱ्या इमेज काढाव्या लागल्या. म्हणजे तीन वर्षं घेतली म्हणून सीडी निर्दोष निघते असं नाही.

उबुंटूने दुसरं टोक पकडलं. ऑक्टोबर २००४ मध्ये ४.१०, आणि मग दर सहा महिन्यांनी एक, तारीख ठरलेली. शिवाय शिपइटमधून फुकट सीडी घरपोच (२०११ पर्यंत हे चालू होतं). आपल्याकडे हे फार मोठं होतं. डायलअपवर सेकंदाला ५ केबी मिळाले तर ६५० एमबीला सुमारे ३७ तास. तेवढा वेळ फोन अडवला तर घरचे जेवायला वाढणार नाहीत. त्यामुळे आपण पीसीक्वेस्टची सीडी, नाहीतर मित्राची सीडी यावर जगायचो. तारखेचा हट्ट उबुंटूनेही एकदा सोडलाच: एप्रिल २००६ ची आवृत्ती जूनमध्ये आणली, कारण ती जास्त वर्षं सांभाळायची होती.

रोलिंगवाल्यांचं वेगळं. तिथे आवृत्ती नाहीच, इमेज म्हणजे नुसता उंबरा. तरी आर्चने ऑगस्ट २०११ नंतर पुढची इमेज काढली थेट जुलै २०१२ मध्ये. मधल्या काळात सिस्टिम इतकी बदलली होती की जुन्या उंबऱ्यावरून आत जाणं म्हणजे कसरत. त्यानंतर मासिक शिस्त आली. जेंटूने तर २००८ मध्येच मोठ्या आवृत्त्यांचा नाद सोडून आपोआप बनणाऱ्या साप्ताहिक इमेज सुरू केल्या.

माझं मत विचाराल तर डिस्ट्रोची आवृत्ती दोन वर्षांनी येवो की पाच, इमेज मात्र दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनी नसावी. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

२००७ च्या एप्रिलमध्ये डेबियन ४.० आली आणि मी उत्साहाने पंचवीसेक सीड्या राइट करून वाटल्या. ज्यांच्याकडे नेट नाही अशांना मुद्दाम. १३ मे २००८ ला जाहीर झालं की सप्टेंबर २००६ पासून डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये भोक आहे. एका टूलच्या वॉर्निंग बंद करताना रँडम आकडे बनवणाऱ्या कोडमधली नेमकी महत्त्वाची ओळ उडाली होती. परिणाम असा की एका जातीच्या मशीनवर, एका लांबीच्या एसएसएच कीला फक्त ३२,७६७ शक्यता. एवढ्या तर कोणीही आधीच बनवून ठेवेल.

पॅच त्याच दिवशी आला. पण नव्या दुरुस्त सीड्या, म्हणजे ४.० आर४, आल्या २६ जुलैला. (नव्या हार्डवेअरसाठी २.६.२४ कर्नलही त्यात होता, ते चांगलंच केलं.) मधले ७४ दिवस डेबियनची सगळ्यात ताजी स्टेबल सीडीसुद्धा कच्च्या कीज बनवत होती. नेट असलेल्याचं मशीन अपडेट होऊन सुटायचं. माझ्या पंचवीस जणांकडे तेच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी फोन. अपडेट पेनड्राइव्हवर घेऊन जा, जुन्या कीज उडवा, नव्या बनवा. बहुतेकांना हे काय चाललंय तेच कळेना. शेवटचा फोन साताऱ्याच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये केला. तिथल्या असिस्टंटने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "करतो सर. आमच्या बारा मशीनचं आजच करतो. पण तुमच्या सीडीवरून पोरांनी घरी नेलेल्या कॉप्या कोणी मोजल्यात?"