सूर्यप्रकाश, क्षारसंतुलन आणि मुतखडा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुतखडा झालेल्या माणसास 'दूध बंद करा' असा सल्ला आजही घरोघरी मिळतो. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे व भोवतालची मावळातील गावेही त्यास अपवाद नाहीत. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात, म्हणून कॅल्शियम वर्ज्य, असा हा सरळ तर्क आहे. इतिहासाच्या कसोटीवर तो कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सुश्रुतसंहितेत 'अश्मरी'चे चार प्रकार सांगितले असून शस्त्रकर्माचेही वर्णन आहे. विसाव्या शतकात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे उंदरांवर आहारविषयक प्रयोग केले आणि खड्याचा संबंध सदोष आहाराशी जोडला. त्यांनी जीवनसत्त्व 'अ' व फॉस्फेट यांच्या कमतरतेवर भर दिला होता.

जीवनसत्त्व 'ड'च्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. 1922 साली हचिसन व शहा यांनी नाशिक येथील मुडदूसविषयक अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतील बालकांना हा रोग होत होता. उलट, साध्या धान्यावर गुजराण करणाऱ्या, पण उन्हात वावरणाऱ्या गरिबांची मुले त्यापासून बहुधा मुक्त होती. अन्नाइतकेच ऊनही पोषक असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

तर्काची उलटतपासणी :
1970 मध्ये फ्रेझर व कोडिसेक यांनी दाखविले की, जीवनसत्त्व 'ड'चे सक्रिय रूप मूत्रपिंडातच तयार होते. ते आतड्यातून कॅल्शियमचे शोषण वाढविते. अतिरिक्त कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर पडते. परंतु अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. कॅल्शियम कमी घेतल्यास मोकळे ऑक्झलेट अधिक शोषले जाते आणि मूत्रात उतरून खड्यास कारण ठरते. 1993 मध्ये कर्हान यांच्या 45,000 हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांत खडे कमी आढळले. 2002 मध्ये इटलीतील बोर्घी यांनी दाखविले की, पुरेसे कॅल्शियम, कमी मीठ व मर्यादित मांसाहार हा आहार अल्प-कॅल्शियम आहारापेक्षा हितकर आहे. याउलट, 2006 मधील अमेरिकेतील चाचणीत कॅल्शियम व जीवनसत्त्व 'ड'च्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत खड्यांचे प्रमाण 17 टक्क्यांनी अधिक आढळले. ताटातील कॅल्शियम आणि गोळीतील कॅल्शियम यांचा परिणाम एकच नसतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
मावळात भातलावणी व कापणी करणाऱ्या शेतकऱ्यास ऊन मिळते. मात्र घाम जाऊन पाणी कमी पडल्यास मूत्र दाट होते. कान्हे-टाकवे परिसरातील कारखान्यात छताखाली पाळी करणाऱ्या कामगारास उन्हाची उणीव भासू शकते. दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही. जेवणासोबत दूध-ताक, बेताचे मीठ व भरपूर पाणी हे दोघांच्याही हिताचे आहे. जीवनसत्त्व 'ड'ची मात्रा मात्र रक्ततपासणीनंतर, वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. मुतखड्याचा इतिहास हा कोणत्याही एका घटकास दोषी ठरविण्याचा नसून संतुलनाचा शोध घेण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.