रीइश्यू, रीमास्टर, रीमिक्स: जुना अल्बम नव्याने येतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

म्युझिक ॲपवर एखादा जुना अल्बम शोधला की एकाच नावाचे तीन-चार अल्बम समोर येतात. एकावर ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘डीलक्स’, तिसऱ्यावर भलतंच वर्ष. यातला खरा कोणता, असं मला बरेच जण विचारतात. तर आज हे शब्द एकदा नीट समजून घेऊ.

चार शब्द, चार अर्थ

रीइश्यू म्हणजे जुना अल्बम पुन्हा बाजारात आणणं. आवाज तोच राहू शकतो, फक्त कव्हर किंवा कंपनी बदलते.

रीमास्टर म्हणजे तयार स्टिरिओ टेपवर पुन्हा काम करणं. खरखर कमी करणं, बेस-ट्रेबल सुधारणं, आवाजाची पातळी वाढवणं हे यात येतं.

रीमिक्स म्हणजे त्याच्याही मागे जाणं. ड्रम, गिटार, गायक यांचे वेगवेगळे ट्रॅक घेऊन ते पुन्हा एकत्र जुळवायचे. आपल्याकडे जुन्या गाण्याला नवा ठेका लावला की त्याला रीमिक्स म्हणतात. तो अर्थ वेगळा.

कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने गाणं-वाजवणं. कॅसेटच्या काळात यालाच ‘व्हर्जन’ म्हणायचे.

कव्हर बँडचा रीइश्यू महत्त्वाचा का?

गाणं दुसऱ्याचं आहे, मग जपायचं काय, असं वाटू शकतं. एक उदाहरण बघा. ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ हे ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 1973 चं गाणं. मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडने 1976 मध्ये ते आपल्या पद्धतीने वाजवलं आणि 1977 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द स्प्रिंगस्टीनचेच, पण लोकांच्या कानात बसला तो या बँडचा आवाज. असा आवाज सापडतो फक्त त्या बँडच्या टेपवर.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं आहे. 1970 च्या दशकात तिथे ॲटॉमिक फॉरेस्ट नावाचा रॉक बँड होता. त्या काळातल्या बऱ्याच भारतीय बँडप्रमाणे तेही परदेशी गाणी वाजवायचे. ‘ऑब्सेशन 77’ हा त्यांचा अल्बम. त्याच्या मूळ तबकड्या पुढे इतक्या दुर्मिळ झाल्या की संग्राहक त्या शोधत फिरायचे. शेवटी लॉस एंजेलिसच्या नाउ-अगेन या छोट्या कंपनीने हे संगीत नव्याने काढलं आणि त्याबरोबर आधी न निघालेलं ध्वनिमुद्रणही दिलं. त्यामुळे हा बँड आज कुणालाही ऐकता येतो. असं नशीब प्रत्येक बँडच्या वाट्याला येत नाही.

सगळं अडतं ते मूळ टेपवर

रीइश्यूचा दर्जा सॉफ्टवेअरपेक्षा मूळ टेपवर जास्त अवलंबून असतो. मास्टर टेप मिळाली तर उत्तम. ती नसेल तर चांगल्या अवस्थेतली तबकडी वाजवून तिच्यावरून प्रत काढतात. मग सुईची करकर आणि झीज त्यातही उतरते. टेपवर जे उमटलंच नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते फार तर अंदाजाने भरून काढतं.

आणखी एक गोष्ट. ‘रीमास्टर्ड’ म्हणजे चांगलंच, असं नाही. काही रीमास्टरमध्ये सगळंच मोठ्या आवाजात चढवलेलं असतं, त्यामुळे हळू आणि जोरकस यांतला फरक मरतो. दोन्ही आवृत्त्या सारख्याच आवाजात लावून ऐका आणि मग ठरवा. ॲपवर दिसणारं वर्ष बऱ्याचदा त्या आवृत्तीचं असतं. तळाशी वर्तुळातल्या इंग्रजी ‘पी’ अक्षरापुढे वर्ष आणि कंपनी दिलेली असते, तीही पाहा.

कायदा काय सांगतो?

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो. म्हणजे मूळ रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच, असं नाही. कव्हरसाठी 2012 च्या दुरुस्तीने कलम 31 सी आलं. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते, दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावी लागते आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट छापावं लागतं.

आपल्या घरातला कव्हर बँड

आपल्याकडचा कव्हर बँड म्हणजे ऑर्केस्ट्रा. गणेशोत्सवात, लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगला हिंदी-मराठी गाणी वाजवणारे स्थानिक कलाकार. त्यांचे अल्बम निघाले नाहीत, त्यामुळे रीइश्यू करायला कुठली कंपनीही येणार नाही. असलंच तर कुणीतरी टेपरेकॉर्डरवर केलेलं रेकॉर्डिंग असतं, बहुधा एकच प्रत. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटला ही उष्णता सोसत नाही. तेव्हा हे करा:

1. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिक टॅब तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही.
2. प्लेअरचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.
3. कॅसेट एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या.
4. मोबाइल स्पीकरसमोर धरू नका. प्लेअरच्या लाइन-आउटमधून वायरने ऑडिओ इंटरफेसला जोडा.
5. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल ठेवा. एका तासाला साधारण 1 जीबी जागा लागते.
6. खरखर काढायची असेल तर कॉपीवर काढा. मूळ फाइल तशीच, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.
7. फाइलच्या नावात वर्ष, मंडळ, गायक-वादक लिहा. घरातल्या जाणत्या माणसांना आत्ताच विचारून घ्या.

ही फाइल घरात ऐकणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. तिथे गाण्याच्या मूळ मालकाचा हक्क आड येतो. पण अपलोडचं नंतर बघता येईल. त्याने गायलेली मूळ गाणी कुठेही मिळतील. त्या गणपतीत तुमच्या गल्लीतल्या गायकाने ती कशी गायली, ते मात्र त्या एका कॅसेटवरच आहे.