मुकर्रर!

औरंगाबादेत सकाळी शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती हातगाड्या लागल्या की सगळ्यात आधी कानावर येतात त्या हाका. भाजीवाला भाव सांगतो तो हेल काढून, शेवटचं अक्षर लांबवून. बोलताना 'क'वर किंवा 'प'वर अडणारा माणूसही अशी हाक बहुधा न अडखळता देतो. गिऱ्हाइकाने नाव विचारलं की मात्र तोच घुटमळतो.

शहागंजची मोठी मशीद साधारण १७२०ची. त्याच सुमारास, औरंगाबादचा मानल्या जाणाऱ्या वली या शायराचा दिवान, म्हणजे काव्यसंग्रह, दिल्लीत पोचला आणि फारसीत लिहिणारे तिथले शायर रेख्त्याकडे, म्हणजे तेव्हाच्या उर्दूकडे, वळले. पुढच्या पिढीत औरंगाबादेतच सिराज हा शायर झाला. या शायरीची खरी जागा बैठक होती आणि बैठकीच्या रिवाजांत जिभेला मोठी सवलत होती. गझल दोन तऱ्हांनी पेश करता येते: 'तहत'मध्ये नुसत्या शब्दांनी, 'तरन्नुम'मध्ये सुरात. शायर शेराचा पहिला मिसरा, म्हणजे ओळ, म्हणतो, तोच पुन्हा म्हणतो, आणि समोरून 'मुकर्रर!' अशी मागणी आली की अख्खा शेर परत. इतरत्र 'त-त-प-प' म्हणून हिणवलं जाणारं पुन्हापुन्हा म्हणणं इथे दाद ठरतं. तबलजीची तिहाईही तीच: एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं.

मराठीत 'त-त-प-प होणं' म्हणजे घाबरणं, चोरी पकडली जाणं. बोबडी वळते तीही भीतीनेच. तोतरेपणाचं मूळ मात्र भित्रेपणात नाही. मेंदूत बोलण्याची वेळ साधणाऱ्या यंत्रणेशी त्याचा संबंध आहे, आणि काही घराण्यांत तो जनुकांतून उतरतो, हे २०१० साली पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आलं. शंभरात साधारण एका प्रौढाला तो असतो. भाषेने या माणसांवर उगीचच आळ घेतला आहे.

गाताना अडखळणं बहुतेकांचं थांबतं. स्वर लांबतात, शब्द पाठ असतात, लय पुढचं अक्षर कधी यायचं ते सांगते. चारचौघांबरोबर एका सुरात म्हटलं तरी जीभ मोकळी होते. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सगळ्यांनी मिळून ध्रुवपद धरणाऱ्या वारकरी भजनात या गोष्टी एकत्र येतात, शाळेत कोरसात म्हटलेल्या पाढ्यांतही. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात एकनाथांनी सोळाव्या शतकात 'मुका' नावाचं भारूड रचलं. त्यातला मुका आपली कहाणी गाऊन सांगतो.

रंगमंचाला हे फारसं उमगलं नाही. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' या ऑपेरात तोतऱ्या न्यायाधीशाचं काम मायकेल केली करत होता. सहा जणांनी मिळून गायच्या भागात तोतरं गाऊ नको, संगीत बिघडेल, असं मोझार्टने त्याला बजावलं. केलीने ऐकलं नाही. प्रयोग रंगला आणि मोझार्टने येऊन त्याचा हात हातात घेतला, असं केलीनेच आठवणींत लिहून ठेवलं आहे. मोझार्टचा कान मात्र खरा होता: खराखुरा तोतरा माणूस त्या जागी बहुधा अडलाच नसता.

उपचारांचा इतिहास याहून कडू आहे. आपल्याकडे बाळाच्या जिभेला मधातून वेखंड लावत, मोठ्यांना अक्कलकरा चघळायला देत. त्याने जीभ चुरचुरे, एवढंच. बर्लिनमध्ये १८४१ साली डिफेनबाख या नामवंत शल्यविशारदाने तोतऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी सुरी चालवली, तीही भूल न देता, कारण भुलेचं औषध अजून यायचं होतं. ते रोगी अडखळायचे, एवढाच त्यांचा अपराध.

ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग बोलताना अडखळे, गाताना नाही. लहानपणापासून तोतरा असलेला अमेरिकी जॅझ पियानोवादक जॉन लार्किन वर्षानुवर्षं पियानोआड राहिला. १९९४मध्ये, बावन्नाव्या वर्षी, 'स्कॅटमन जॉन' या नावाने त्याने गाणं काढलं ते आपल्या तोतरेपणावरच. आपल्या तराण्यातल्या 'तनन देरेना'सारखे निरर्थक बोल त्यात भरधाव धावतात. देशोदेशी लाखो लोकांनी ती तबकडी विकत घेतली.

शहागंजच्या भाषेत म्हणायचं तर, मुकर्रर!