मागील बाकी : एक पिझ्झा

आमच्या बँकेत एक नियम आहे. समोरचा माणूस कितीही गोड बोलो, कर्ज देण्याआधी त्याचा पूर्वेतिहास तपासायचा. वीस-बावीस वर्षं काउंटरमागे बसून हा नियम माझ्या अंगात इतका मुरला आहे की, सौ.नं "नवा दूधवाला लावू या का?" असं विचारलं तरी माझ्या तोंडून "आधी कुठे खातं होतं त्याचं?" असा प्रश्न निघून जातो. त्यामुळे आमच्या कन्येनं जेव्हा फर्मान सोडलं की, "बाबा, ताईच्या लग्नाच्या खरेदीला लक्ष्मी रोडला जातोच आहोत, तर तिथला बेस्ट पिझ्झा कुठे मिळतो ते शोधून ठेवा," तेव्हा मी दुकान शोधायच्या आधी पिझ्झ्याची फाइल उघडली. ताई म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही पौडचे. पौड म्हणजे मुळशी तालुक्याचं मुख्य गाव. तहसील कचेरी, पोलीस ठाणं, बँक, सगळं काही आहे. पण 'खरेदी' हा शब्द आमच्याकडे पुण्याला गेल्याशिवाय पुरा होत नाही. मीठमिरची गावात घ्यावी, लग्नाचा बस्ता मात्र लक्ष्मी रस्त्यावर आणि बाकीचं तुळशीबागेत. या तुळशीबागेत पेशवाईत नारो आप्पाजी खिऱ्यांनी रामाचं देऊळ बांधलं. पुढे रामाच्या आश्रयाला बांगड्या आल्या, कुंकू आलं, पितळेची भांडी आली, भातुकली आली, आणि आता अशी परिस्थिती आहे की, रामाला नमस्कार करून येते म्हणून गेलेली बाई चार तासांनी दोन झारे आणि एक किसणी घेऊन बाहेर येते. रामाची भेट झाली की नाही, हे विचारण्याची नवऱ्याची छाती नसते. माझ्या लहानपणी या यात्रेची सांगता ठरलेली असे. श्रीकृष्ण भुवनात मिसळ. वडील म्हणत, मिसळ ही खरेदीची पावती. तिच्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

तर फाइल. पिझ्झा हा शब्द पहिल्यांदा लेखी सापडतो तो इसवी सन ९९७ मध्ये, नेपल्सच्या वरच्या बाजूला गाएता नावाचं गाव आहे तिथे. आणि कुठल्या कागदात? काव्यात नाही, पाकशास्त्रात नाही, तर भाडेकरारात! एका गिरणीच्या भाडेपट्ट्यात लिहून ठेवलंय की, भाडेकरूनं तिथल्या बिशपला नाताळला बारा पिझ्झे आणि ईस्टरला बारा पिझ्झे द्यावेत, शिवाय वर डुकराचा फरा, कोंबड्या वगैरे किरकोळ आकार. मी हे वाचलं आणि माझा ऊर भरून आला. जगातला पहिला पिझ्झा हा हप्ता होता! तो वेळेवर भरला गेला की थकीत राहिला, याची नोंद काही मिळाली नाही.

पुढे नेपल्समध्ये पिझ्झा हे निव्वळ गोरगरिबांचं खाणं झालं. बंदरावरचे हमाल, कोळी, रोजंदारीवाले यांनी रस्त्यात उभ्यानं खायची गोष्ट. साधीसुधी भाकरी, तिच्यावर लसूण, चरबी, जमलं तर चीज. त्या गावात एक पद्धत होती. 'ओज्जी आ ओत्तो', म्हणजे आज खा आणि आठ दिवसांनी पैसे द्या. तळलेला पिझ्झा विकणाऱ्या बाया गल्लीत बसत आणि उधारीवर विकत. १९५४ सालच्या एका इटालियन चित्रपटात सोफिया लॉरेननं अशीच पिझ्झेवाली उभी केली आहे. (सोफिया लॉरेन समोर असताना हिशोब लक्षात ठेवणारं गिऱ्हाईक कोण असेल, हा वेगळा प्रश्न.) मला गंमत वाटली ती त्या 'आठ दिवसां'ची. आठवडा सातच दिवसांचा. पण आपणही त्याला आठवडाच म्हणतो आणि 'आठ दिवसांनी देतो' असं सांगून उसने नेतो. नेपल्सचा आणि पौडचा हिशोब असा मुळात जुळतो.

राणीची कथा बहुतेकांनी ऐकली असेल. १८८९ साली इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली, रफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्यानं तिला टोमॅटो, मोझारेला आणि तुळशीच्या जातीच्या पाल्याचा पिझ्झा खिलवला, तिनं खूश होऊन पत्र पाठवलं आणि पिझ्झ्याला तिचं नाव पडलं. पत्र तिथं आजही दाखवतात. पण इतिहासवाल्यांनी ते तपासलं तर अक्षर आणि शिक्का यांच्याबद्दल शंका निघाल्या. आमच्या शाखेत असतं तर 'सही जुळत नाही' म्हणून तेव्हाच परत केलं असतं. तरीही १९८४ साली नेपल्सवाल्यांनी संस्था काढून अस्सल पिझ्झ्याचे नियम ठरवले : लाकडाची भट्टी, सुमारे ४८५ अंश उष्णता, साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर. हे परिपत्रक वाचून मला आपलेपणा वाटला. आणि ज्या टोमॅटोवर एवढा मान उभा, तो मुळात अमेरिकेतला. मिरची, ढोबळी मिरची, मका, हे सगळं तिकडचंच. कोलंबसानंतर युरोपात आणि फिरंग्यांच्या गलबतांतून आपल्याकडे. म्हणजे आपण ज्याला 'व्हेज पिझ्झा' म्हणतो, त्यात अमेरिकेच्या भाज्या, इटलीची कल्पना आणि गुजरातचं चीज असतं. कांदा तेवढा नाशिकचा.

राहता राहिला पाव. त्याचं आणि आमच्या घराचं वाकडं होतं. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात पावाला प्रवेश नव्हता. फिरंग्यांनी वसईकडे विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट तिनं ऐकलेली. आजी मुळशी खोऱ्यातली. तिचं माहेर आज धरणाखाली आहे. १९२१ साली तिथं सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, तो १९२४ पर्यंत रेटला गेला, आणि तरी पन्नासेक गावांची जमीन गेलीच. आंबेमोहोराची खाचरं बुडाली. १९२७ पासून ते पाणी सह्याद्री पोखरून खाली भिऱ्याला नेतात, तिथं वीज होते, ती मुंबईला जाते. आजी तेव्हा परकरी पोर होती. "आमच्या भातावर मुंबईचे दिवे लागले," एवढंच ती म्हणायची. आणि आमच्या पौडला दिवे गेले की पुन्हा एकदा म्हणायची.

अशा घरात १९९३ साली मी बेकरीतून 'पिझ्झा बेस'चं पाकीट आणलं. जाड, पांढऱ्या, कोनशिलेसारख्या दोन चकत्या. एका मासिकात कृती वाचून बहिणीनं आणि मी त्यावर टोमॅटो सॉस फासला, कांदा-ढोबळी मिरची पेरली, डब्यातलं चीज किसलं आणि तव्यावर झाकण ठेवलं. खालून करपला, वरून कच्चा राहिला. आजी उंबऱ्यापलीकडून सगळं पाहत होती. म्हणाली, "एवढा उपद्व्याप करून भाकरीवर कोरड्यासच घातलंत ना?" पिझ्झ्याची याहून अचूक व्याख्या मला त्या सबंध फाइलीत सापडली नाही.

मग १९९६ साली दिल्लीत डॉमिनोज आणि बंगलोरला पिझ्झा हट आले आणि पिझ्झ्याला काचेचं दार लागलं. हमालाचं खाणं साहेबाचं झालं. आणि आता १९९९ कडे यावं लागतं, जिथे ही नोंद इतकी वर्षं लपवून ठेवली आहे.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, पुण्यात खोली करून राहत होतो. बहिणीच्या बस्त्यासाठी आई पौडहून आली. साड्या झाल्या, भांडी झाली, आणि मला ऊत आला. म्हटलं, आज मिसळ नाही, तुला नवीन काही तरी देतो. तिला घेऊन गेलो कॅम्पात, अशाच एका काचेच्या दाराच्या दुकानात. आता ते नाही. आईचं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, हातात बस्त्याची पिशवी. पिझ्झा आला. तिनं पोऱ्याला विचारलं, "भाऊ, आधीच कापून का आणलंय? कुणी उष्टं नाही ना केलं?" मग तिला तो अळणी लागला म्हणून पिशवीतून फडकं काढलं, त्यातून भाकरीबरोबर आणलेला ठेचा काढला आणि बोटानं पिझ्झ्यावर लावू लागली. नेमका तेव्हाच माझ्या वर्गातला एक मुलगा दोन मैत्रिणींना घेऊन आत आला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठेच्याकडे, मग आईकडे. "कोण रे?" असं त्यानं विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो, "गावाकडच्या काकू आहेत."

आई काही बोलली नाही. उरलेले तीन तुकडे तिनं बहिणीसाठी कागदात बांधले. स्टँडवर तिला पौडच्या गाडीत बसवून देताना मी खिडकीची जागा अडवून उभा होतो. ती म्हणाली, "सरक रे, काकूला खिडकीत बसू दे."

एवढंच. नंतर आजतागायत तिनं तो विषय काढला नाही आणि मीही नाही. बँकेच्या भाषेत याला निष्क्रिय खातं म्हणतात. व्यवहार बंद, बाकी तशीच.

तर परवा आम्ही निघालो. बहीण आणि सौ. साडीच्या दुकानात शिरल्या. तिथून दोन तास तरी सुटका नव्हती. शोधमोहिमेवर कन्या, मी आणि पंचाहत्तरीची आई. पौडहून बसनं वनाझ, तिथून मेट्रो, मध्ये गाडी बदलून जमिनीखालून मंडई. आईनं सरकत्या जिन्याला हात जोडले. पहिलं दुकान कन्येनं निवडलं होतं. तिथल्या चीजला इतकी तार सुटली की, आईच्या कवळीशी तिचा बराच वेळ वाद चालला. दुसऱ्या ठिकाणी पिझ्झा बरा होता. पण गाणं इतकं मोठं लावलं होतं की, चव ऐकू येईना. तिसरी होती एका गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली सँडविचची गाडी. तव्यावरचा पिझ्झा, वर शेव, वर कोथिंबीर. नेपल्सच्या संस्थेनं पाहिला असता तर गाडीवाल्याला तडकाफडकी निलंबित केलं असतं. मला विचाराल तर तोच सगळ्यांत चांगला होता : गरम, चुरचुरीत, उभ्यानं खायचा, आणि मुख्य म्हणजे खाणारे घाईत होते. साहेबाचं खाणं फिरून हमालाच्या वाटेला आलं होतं.

आईनं पिशवी उघडली. मला काय येणार ते माहीत होतं. ठेच्याची डबी. फडक्याऐवजी आता स्टीलची. तेवढ्यात "अगं, तू इथे?" करत कन्येच्या कॉलेजातल्या तिघी-चौघी गर्दीतून आल्या. मी लगबगीनं खिशातून पाकीट काढून नोटा मोजायला लागलो. नोटा तीनच होत्या. मोजायला बराच वेळ लागला.

"ही माझी आजी," कन्या म्हणत होती, "आणि हे बाबा. आजी, दे ना यांना ठेचा." चौघींनी ठेचा घेतला. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी ठेचा खाल्ला नव्हता.

संध्याकाळी पौडला उतरलो तेव्हा स्टँडजवळ नवी गाडी लागलेली दिसली. गावातल्याच एका पोरानं पिझ्झा सुरू केलाय. घरी राहिलेल्या भाच्याला काही तरी न्यावं म्हणून एक बांधून घेतला. पैसे द्यायला गेलो तर सुट्टे संपलेले, मोबाईल काढला तर नेटवर्क नाही. मुळशीच्या डोंगरात ते असंच कडेकडेनं येतं. बँकेचा माणूस मोबाईल आकाशाकडे धरून स्टँडवर गोल गोल फिरतोय, हे दृश्य गावानं बराच वेळ पाहिलं.

"राहू दे हो, आठ दिवसांनी द्या," पोरगा म्हणाला.

मी थबकलो. त्याला नेपल्स सांगावं असं फार मनात आलं. पण आई पुढं झाली होती. "असं नको. लिहून ठेव बाबा, नाही तर विसरायला होतं."

पोरानं खडू घेतला. गाडीच्या पत्र्यावर आधीचीही दोन-चार नावं होती. "आजी, नाव काय लिहू?"

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काकू लिही," ती म्हणाली. "गावाकडची."