मिशिगन सेंट्रलचे प्रतीक्षालय

मिशिगन सेंट्रल हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे जुने मुख्य रेल्वे स्थानक. न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल उभारणाऱ्या वॉरन अँड वेटमोर आणि रीड अँड स्टेम या वास्तुसंस्थांनीच त्याचा आराखडा केला. डेट्रॉइट नदीखालून कॅनडाकडे जाणारा रेल्वे बोगदा १९१० मध्ये सुरू झाला होता. नवे स्थानक त्याला जोडता यावे म्हणून शहराच्या मध्यभागापासून दूर, कॉर्कटाउन वस्तीत बांधले गेले. २६ डिसेंबर १९१३ रोजी जुन्या स्थानकाला आग लागली आणि नवे स्थानक त्याच दिवशी घाईघाईने सुरू करावे लागले.

मागे १८ मजल्यांचा कार्यालयीन मनोरा आणि पुढे मुख्य प्रतीक्षालय, अशी इमारतीची रचना आहे. प्राचीन रोमन स्नानगृहांच्या धर्तीवरील या दालनाच्या भिंतींना संगमरवर असून छत कमानदार आहे. छताची पद्धत स्पेनहून अमेरिकेत आलेल्या राफाएल गुआस्ताविनो यांची. पातळ भाजक्या फरशा लवकर घट्ट होणाऱ्या मसाल्यात थरावर थर बसवल्या जात. असे छत वजनाला हलके असे, आगीला दाद देत नसे आणि बांधताना खाली जड लाकडी आधारही फारसा लागत नसे. स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन आणि पुरुषांसाठी धूम्रपान कक्ष होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कारखान्यांत कामाला येणारे कृष्णवर्णीय मजूर आणि युद्धकाळात ये-जा करणारे सैनिक या स्थानकातून गेले.

स्थानक सुरू झाले त्याच वर्षी डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात फोर्डने मोटारींसाठी सरकती जुळणी-रेषा चालू केली. स्वस्त मोटारींमुळे रेल्वेचा प्रवासी हळूहळू तुटत गेला. प्रवासी ट्रामने येतील असे गृहीत धरल्याने स्थानकापाशी मोटारी उभ्या करण्याची मोठी सोय नव्हती, आणि ट्रामसेवा पुढे बंद पडली. मध्यभागापासूनचे अंतर आता अडचणीचे ठरले. १९५६ मध्ये इमारत विक्रीला काढली, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६७ मध्ये प्रतीक्षालय बंद झाले. ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने ते १९७५ मध्ये पुन्हा उघडले, तरी जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली.

त्यानंतरची तीस वर्षे पडझडीची होती. तांबे, दिवे, कोरीव नक्षी चोरीला गेली, खिडक्या फुटल्या. छतातून झिरपणारे पाणी हिवाळ्यात गोठत-वितळत फरशांमधला मसाला सुटा करत जाई. २००९ मध्ये नगर परिषदेने इमारत पाडण्याचा ठराव केला, पण तो अमलात आला नाही.

२०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ती विकत घेतली. आधी तळघरातून सुमारे १ कोटी ३० लाख लिटर पाणी उपसावे लागले आणि भिंती सुकेपर्यंत सजावटीच्या दुरुस्तीला हात लावता आला नाही. प्रतीक्षालयाच्या छतातील सुमारे २९,००० फरशा साफ करून तपासण्यात आल्या. त्यांपैकी फक्त सुमारे १,३०० बदलाव्या लागल्या. हरवलेल्या नक्षीचे भाग उरलेल्या नमुन्यांवरून त्रिमितीय मोजणी करून पुन्हा घडवले गेले. चोरीला गेलेले स्थानकातील एक जुने घड्याळही एका अनामिकाने परत केले. पडीक काळातली काही भित्तिलेखने मुद्दाम राखून ठेवली आहेत.

६ जून २०२४ रोजी समारंभाने स्थानक उघडले आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांना आत सोडण्यात आले. मनोऱ्यात आता कंपन्यांची कार्यालये आहेत आणि प्रतीक्षालय लोकांना पाहण्यासाठी व कार्यक्रमांसाठी वापरले जाते. मोटारीमुळे ओस पडलेली ही वास्तू मोटार कंपनीच्याच पैशाने वाचली. मात्र ती उघडली तेव्हा तेथून एकही प्रवासी गाडी सुटत नव्हती. जीर्णोद्धाराने दालन परत मिळाले, स्थानक नव्हे.