कानावरची श्रवणयंत्रे: 'टायटॅनिक'पासून बोलणाऱ्या मोटारींपर्यंत

१/ १४ एप्रिल १९१२. उत्तर अटलांटिकवर रात्रीचे अकरा वाजत आले होते. 'कॅलिफोर्नियन' जहाजावरील बिनतारी तारायंत्रचालक सिरिल इव्हान्स याने 'टायटॅनिक'ला कळवले की, आपले जहाज हिमाने वेढले जाऊन थांबले आहे. 'टायटॅनिक'वरील जॅक फिलिप्सने त्यालाच गप्प राहण्यास बजावले.

२/ फिलिप्सची अडचण समजून घ्यायला हवी. तो मार्कोनी कंपनीचा नोकर. प्रवाशांच्या खासगी तारा केप रेस केंद्राकडे धाडणे, हे त्याचे मोठे काम. आदल्या रात्री यंत्र बिघडल्याने तारा तुंबल्या होत्या. त्याच संध्याकाळी 'मेसाबा' जहाजाने हिमनगांचा इशारा दिला होता. उपलब्ध साक्षींनुसार तोही कप्तानापर्यंत पोहोचला नाही.

३/ साडेअकराच्या सुमारास इव्हान्स यंत्र बंद करून झोपला. जहाजावर तो एकटाच तारायंत्रचालक होता. ११:४० ला 'टायटॅनिक' हिमनगावर आदळले.

४/ मदतीची हाक ऐकली ती सुमारे ५८ सागरी मैलांवरील 'कार्पेथिया'ने. तिचा तारायंत्रचालक हॅरॉल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत होता. कानावरची श्रवणयंत्रे तेवढी उतरवायची राहिली होती. त्या योगायोगाने सातशेहून अधिक जीव वाचले. सुमारे पंधराशे बुडाले.

५/ म्हणजे लहरी पोहोचत होत्या; उणीव होती ती नियमांची. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ठरावीक जहाजांवर अहोरात्र बिनतारी पहारा बंधनकारक ठरला. पुढे ५०० किलोहर्ट्झ या संकट-वारंवारतेवर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे मौन पाळण्याचा प्रघात पडला. क्षीण हाकही ऐकू यावी, हा त्यामागील हेतू. जहाजांवरील घड्याळांच्या तबकडीवर ती मिनिटे लाल रंगाने आखलेली असत.

६/ फेब्रुवारी १९९९ मध्ये उपग्रहाधारित व्यवस्था पूर्णत्वाने लागू झाली आणि सागरी मोर्सचे युग सरले. त्याच वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ५.९ गिगाहर्ट्झजवळचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा रस्त्यावरील वाहनांच्या संदेशांसाठी राखून ठेवला.

७/ या व्यवस्थेत प्रत्येक मोटार आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती सेकंदाला दहा वेळांपर्यंत प्रसारित करते. संदेश सर्वांसाठी असल्याने पोच कोणीच देत नाही. एक संदेश हुकला, तर क्षणार्धात दुसरा येतो. विश्वासार्हता या पुनरावृत्तीत आहे. मात्र गर्दीच्या चौकात शेकडो वाहने एकदम बोलू लागली, की संदेशच एकमेकांवर आदळतात. म्हणून प्रत्येक यंत्र आधी ऐकते, वाट मोकळी दिसली की बोलते, आणि गर्दी वाढली की संदेशांची संख्या घटवते. सागरी मौनामागचा विचार येथे यंत्रात उतरला आहे.

८/ वीस वर्षे उलटली, तरी अशा मोटारी रस्त्यावर फारशा आल्या नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने त्या पट्ट्यातील ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसारख्या वापरासाठी खुले केले. वाहनांकडे उरले ३०. न वापरलेली जागा अडवून का ठेवावी, हा प्रश्न रास्तच होता.

९/ पण संकटाची वाट बहुतेक काळ रिकामीच दिसते. १९१२ च्या त्या रात्री प्रवाशांच्या तारांना पैसे मिळत होते, हिमाच्या इशाऱ्याला मिळत नव्हते. कॉटमची श्रवणयंत्रे कानावर राहिली, तो योगायोग होता. पुढचे सगळे नियम त्या योगायोगावर विसंबावे लागू नये, म्हणून झाले.